झोप विकून शिकलेलं टिकत नाही

रात्री दोन वाजेपर्यंत जागून कोडिंग शिकणाऱ्या पोराचं कौतुक करणं आता बंद झालं पाहिजे. घरच्यांनी ते थांबवावं, क्लासवाल्यांनी थांबवावं आणि सगळ्यात आधी कंपन्यांनी थांबवावं. ते पोरगं मेहनती आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण त्या वेळी ते जे करतंय, तो अभ्यास नाही. डोळे स्क्रीनवर खिळलेत, व्हिडिओ दीडपट वेगाने धावतोय, शेजारी चहाचा तिसरा कप गार झालाय आणि डोक्यात काहीही शिरत नाहीये. उद्या रात्री ते तोच व्हिडिओ पुन्हा लावणार आहे. हा तरुण शरीराचा आणि तरुण बुद्धीचा नास आहे, आणि आपण त्याला जिद्द म्हणून मिरवतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये बरीच वर्षं काम करते. नोकरीसाठी येणाऱ्यांच्या मुलाखती घेते आणि सुट्टीच्या दिवशी काही मुलामुलींना डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम शिकवते. बीड, लातूर, बुलढाणा, नंदुरबार अशा ठिकाणांहून ही मुलं आलेली असतात. नऱ्हे, आंबेगाव, कर्वेनगर, वाकड इथे कॉट बेसिसवर राहतात, एका खोलीत चार-पाच जण. दिवसा कुणी सपोर्टची शिफ्ट करतं, कुणी घरोघरी पार्सलं पोचवतं, कुणी सकाळपासून अर्ज भरत बसतं. मेसचं जेवण उरकलं की लॅपटॉप उघडतात आणि तिथून पुढे खरा दिवस सुरू झाला असं मानतात. वय बावीस-तेवीस. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, खांदे पुढे आलेले, हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं. पाकिटात ॲसिडिटीची गोळी कायम. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘सवय झालीय, मॅडम.’

त्यांना जागायला कोण सांगतं? सांगणारे पावलोपावली आहेत. दोन वर्षांचा सिलॅबस चार महिन्यांत उरकून देण्याची हमी देणारे क्लास आहेत. ते रात्री दहाची बॅच लावतात, कारण दिवसा मुलं कामावर असतात आणि फी रात्रीही तेवढीच मिळते. पहाटे तीनचा स्क्रीनशॉट टाकला की टाळ्या पडतात असे टेलिग्रामवरचे ग्रुप आहेत. लीटकोड या कोडिंग सरावाच्या साइटवरचा स्ट्रीक आहे, एक दिवस चुकला की साखळी तुटते. अंगात ताप असताना केवळ ती साखळी राखायला, आधी सोडवलेलंच सोपं गणित पुन्हा टाकणारी मुलं मी पाहिली आहेत. त्या आकड्यातून हजेरी कळते. ज्ञान किती आलं, ते कळत नाही.

आणि वरून उपदेश करणारी मोठी माणसं आहेत. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास कामाचा सल्ला दिला. २०२५च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं आणि रविवारीही कामावर बोलावण्याचं वक्तव्य बाहेर आलं. जरा हिशेब करून पाहा. सहा दिवसांच्या आठवड्यात ७० तास म्हणजे रोज साडेअकरा तासांहून जास्त. त्यात हिंजवडीला जायचा-यायचा वेळ घाला, आंघोळ-जेवण घाला. आता या माणसाने नवं तंत्रज्ञान शिकायचं ते कोणत्या वेळात? उरते ती फक्त झोप. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असल्याचं त्यात दिसलं. हे निष्कर्ष जगजाहीर असताना इतक्या मोठ्या पदावरचा माणूस तरुणांना असा सल्ला देत असेल, तर तो बेजबाबदारपणा आहे. मला यापेक्षा सौम्य शब्द वापरायची इच्छा नाही.

मुलांची भीती मात्र खरी आहे, ती मी नाकारत नाही. २०२५च्या जुलैत टीसीएससारख्या कंपनीने सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. गावाकडे शैक्षणिक कर्जाचा हप्ता चालू आहे, धाकट्या बहिणीचं शिक्षण बाकी आहे, आणि हातात असलेली नोकरी कधी जाईल याचा भरवसा नाही. अशा पोराला ‘ताण घेऊ नकोस’ म्हणणं ही क्रूरता आहे. त्याने शिकलंच पाहिजे. न शिकता या धंद्यात कुणी टिकत नाही. माझं म्हणणं एवढंच, की तो ज्या रीतीने शिकतोय, त्या रीतीने त्याला येणार काहीच नाही आणि शरीर मात्र जाणार आहे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांचे गट केले आणि त्यातल्या एका गटाला सलग दोन आठवडे रोज सहाच तास अंथरुणात राहू दिलं. सहा तास. आपल्याकडे एवढी झोप मिळाली तर पोरं स्वतःला भाग्यवान समजतील. दोन आठवडे संपता संपता त्यांची एकाग्रता आणि डोक्यात चार गोष्टी धरून विचार करण्याची ताकद रात्रभर अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खालावली. यातला खरा घाबरवणारा भाग पुढे आहे. आपलं काही बिघडलंय असं त्या माणसांना फारसं वाटतच नव्हतं. ‘सवय झालीय’ या उत्तराची किंमत तिथेच कळते. सवय होत नाही, बिघाड कळेनासा होतो.

रिकर्शन शिकताना किंवा डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचं कोडं सोडवताना नेमकी कोणती ताकद लागते? हीच. आधीची अवस्था डोक्यात धरायची, पुढची मांडायची, दोन्हींचं नातं शोधायचं. थकलेला मेंदू पहिल्यांदा तेच सोडतो. मग मुलगा उत्तर बघतो, उत्तर पटतं, पुढच्या प्रश्नावर जातो, आणि आठवड्याने तोच प्रश्न जरा फिरवून विचारला की पाटी कोरी. माझ्यासमोर मुलाखतीत हे घडतं. शेकडो प्रश्न सोडवल्याचं सांगणारा मुलगा लिंक्ड लिस्ट उलटी करताना अडतो. त्याला दम देऊन उपयोग नाही, त्याने खरंच शेकडो प्रश्न पाहिलेले असतात.

शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत चालतं, ही काही कालची बातमी नाही. कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी १९२४ साली दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला लावली. नंतर झोपू दिलं तेव्हा त्यांना जास्त आठवलं, जागं ठेवलं तेव्हा कमी. शंभर वर्षं झाली. दिवसा जे शिकलो ते मेंदू गाढ झोपेत पुन्हा चाळतो आणि नीट लावून ठेवतो, हे त्यानंतरच्या संशोधनाने कितीतरी बारकाईने दाखवलं आहे. प्रोग्रॅमर माणसाला यासाठी शोधनिबंधाचीही गरज नाही. रात्री एक वाजता दोन तास डोकं फोडूनही न सापडलेला बग सकाळी चहा घेता घेता दिसतो, हा अनुभव आमच्या धंद्यात प्रत्येकाच्या गाठीशी आहे. तरीही आम्हीच नव्या मुलांना जागायला शिकवतो, याचा मला संताप येतो.

दहा हजार तासांच्या सरावाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. माल्कम ग्लॅडवेलच्या २००८च्या पुस्तकाने ती घरोघरी नेली. तिच्या मुळाशी अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३चा अभ्यास आहे, बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा. त्यात सर्वोत्तम ठरलेले वादक रोज सरासरी साडेतीन तास एकट्याने सराव करत, मधे विश्रांती घेऊन. आणि दिवसाला साडेआठ तासांहून जास्त झोपत, दुपारची डुलकी धरून. कमी प्रतीच्या गटापेक्षा त्यांची झोप जास्त होती. प्रेरणा देणाऱ्यांनी तासांचा आकडा उचलला आणि झोपेचा आकडा गाळला. ही लबाडी आहे, आणि तिची फी पोरं भरतात.

आमच्या मुलांना ज्याचा धसका असतो, तो डायक्स्ट्राचा कमीत कमी अंतराचा अल्गोरिदम घ्या. एड्सगर डायक्स्ट्राला तो १९५६ साली ॲम्स्टरडॅममध्ये सुचला. वाग्दत्त वधूबरोबर बाजारात फिरून दमल्यावर दोघं कॅफेत कॉफी प्यायला बसले होते, हाती कागद-पेन्सिलही नव्हती. वीसेक मिनिटांत मांडणी झाली, असं त्याने स्वतः सांगून ठेवलं आहे. ॲलन ट्युरिंग तर लांब पल्ल्याचा धावपटू होता. १९४७ साली त्याने मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पूर्ण केली. केंब्रिजजवळच्या ग्रँचेस्टरच्या कुरणात लोळत पडलेलो असताना आपल्याला पुढे ‘ट्युरिंग मशीन’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या यंत्राची कल्पना आली, असं त्याने आपल्या विद्यार्थ्याला सांगितलं होतं. या दोघांसारखी बुद्धी सगळ्यांना नसते, मान्य. पण जी काही असते ती चालायला लागते ती अशाच वेळी, शरीर मोकळं आणि डोकं निवांत असताना. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्यांची ही तऱ्हा, आणि त्यांचं काम पाठ करायला आमची पोरं पहाटे तीनपर्यंत खुर्चीला खिळून.

आता शरीराकडे येते. ‘मी तर बारीक आहे, मला काय होतंय’ हे मुलांकडून मी सतत ऐकते. त्यांच्याच शहरातल्या एका डॉक्टरांनी याचं उत्तर कधीच देऊन ठेवलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्याच शरीराची मापं छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ दिसणारा भारतीय माणूस आतून चरबीने भरलेला असू शकतो, स्नायू कमी असू शकतात, आणि मधुमेह त्याच वाटेने येतो. काटकुळे हातपाय आणि सुटलेलं पोट म्हणजे हेच. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आणि त्याहूनही जास्त, सुमारे साडेतेरा कोटी, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचं सांगितलं. मेसमधल्या त्या टेबलावर बसलेले पंचविशीतले किती जण त्या उंबरठ्यावर उभे आहेत, हे तपासायला कुणी जात नाही.

मेसचं ताट पाहिलंय? तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, भाताचा डोंगर आणि तळ दिसेल इतकं पातळ वरण. संध्याकाळी वडापाव, मध्यरात्री मॅगी. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि या सगळ्यातून ती नीट भागत नाहीत. त्यासाठी महागडा डबा आणायची गरज नाही. मूठभर फुटाणे-शेंगदाणे, मोड आलेल्या मटकीची उसळ, दही किंवा ताक, खात असाल तर दोन अंडी. हे अभ्यासाचंच साहित्य आहे. रात्री आठनंतरचा चहा-कॉफी बंद करा. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या कॅफीननेही झोप कमी होते हे मोजून पाहिलेलं आहे, आणि ही मुलं अकरा वाजता अमृततुल्यासमोर उभी असतात.

चालण्याचंही तसंच. आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. जेवणानंतर चाललं की पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून मेसमधून खोलीवर परतताना लांबचा रस्ता धरावा. जिमची फी नसेल तर पुण्यात पर्वती आहे, तळजाई आहे, वेताळ टेकडी आहे. सूर्यनमस्काराला चटईभर जागा पुरते, खोलीत नसेल तर गच्चीवर मिळते. औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या शाळांमधून तो रुजवला, तो अभ्यासाच्या आड येतो असं त्यांना वाटलं नाही. याच पुण्यात डेक्कन कॉलेजात असताना टिळकांनी पहिलं वर्ष पुस्तकांपेक्षा तालमीला जास्त दिलं, आणि पुढे गणितात पहिल्या वर्गात बी.ए. झाले. त्यांचे पुतळे प्रत्येक चौकात आहेत, पण तालमीचं वर्ष कुणी आपल्या पोराला देत नाही. उलट पोरगं संध्याकाळी अर्धा तास खेळायला गेलं तर गावाहून फोन येतो, ‘अभ्यास सोडून फिरतोस काय?’

या सगळ्यात ज्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, त्या बायकांबद्दल मला जास्त बोलायचं आहे. बाळंतपणानंतर नोकरी सुटलेली, पुन्हा कामावर यायचं म्हणून क्लाउड किंवा टेस्टिंग शिकणारी बाई. तिच्या दिवसाला कडा नसतात. मूल झोपलं की साडेदहाला ती लॅपटॉप उघडते, साडेबाराला बंद करते आणि साडेपाचला डब्याच्या कणकेत हात. तिला ‘पाचला उठून योगा कर, स्वतःसाठी वेळ काढ’ असं सांगणाऱ्या सल्लागारांना मला विचारायचंय, कुठून काढू? भारत सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं गेल्याचं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि घरकामात मुळात हात घालणारे पुरुषच चारात एक. म्हणजे तिच्या अभ्यासाची आणि तिच्या तब्येतीची तिजोरी नवऱ्याच्या हातात आहे. नवऱ्याने सकाळचा डबा आपल्याकडे घेतला आणि संध्याकाळी सात ते नऊ मुलाला सांभाळलं, तर तिचा अभ्यास उजेडात होईल आणि झोप पुरी होईल. सासूबाईंनी ‘ती क्लासला बसली आहे, तिला हाक मारू नका’ एवढं पाहुण्यांना सांगितलं तरी मोठं काम होईल. बायकोचं सर्टिफिकेट फेसबुकवर टाकून अभिमान दाखवणाऱ्या नवऱ्यांना माझं सांगणं, आधी कुकर लावा.

मग अभ्यास करायचा कसा? वहीत पहिल्यांदा झोपेचे सात-साडेसात तास लिहायचे, मग नोकरी, प्रवास आणि जेवण. उरेल त्यातून दीड-दोन तास अभ्यास. दोन तास पुरत नाहीत अशी ओरड होते. पुरतात, व्हिडिओ बंद केला तर. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे आणि न बघता आठवून लिहिणारे यांची तुलना केली. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा पुन्हा व्हिडिओ पाहणाऱ्या मुलाला आपल्याला येतंय असं का वाटतं आणि मुलाखतीत काहीच का आठवत नाही, ते यात आलं. कोरा कागद घ्या, कालचा प्रश्न न बघता लिहा, अडलात तिथे खूण करा, मगच स्क्रीन उघडा. पन्नास मिनिटं झाली की उठा, डोळे खिडकीबाहेर लांब न्या, पाणी प्या, पुन्हा बसा. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम ऐकायला पैसे लागत नाहीत, तेव्हा क्लासची रात्रीची बॅच सोडली म्हणून ज्ञान आटत नाही. सहा महिने असा अभ्यास केलेल्या मुलीने माझ्या वर्गात फळ्यावर ग्राफचे प्रश्न सोडवून दाखवले आहेत. जागणारे मागच्या बाकावर पेंगत होते.

कंपन्यांशी माझं भांडण सगळ्यात मोठं आहे. इन्फोसिसने म्हैसूरला प्रचंड केंद्र उभारलं ते नव्या भरतीला पगार देऊन शिकवायला. म्हणजे कामाच्या वेळेत शिकवता येतं, हे या उद्योगाला पहिल्यापासून ठाऊक आहे. पण तो फ्रेशरचा काळ संपला की पुढे तीस वर्षं शिकण्याचा सगळा भार माणसाच्या रात्रींवर. नवा प्रोजेक्ट आला की मॅनेजर सांगतो, ‘शिकून घे.’ केव्हा शिकायचं, ते सांगत नाही. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये सर्टिफिकेटांचा रकाना असतो, त्यासाठी शिफ्टमधला एक तासही नसतो. प्रशिक्षणाचा खर्च कंपनीने झटकला आणि तो कर्मचाऱ्याच्या झोपेतून वसूल होतोय. शिकलेल्या तंत्राचं बिल ग्राहकाला लागतं, नफा कंपनीला मिळतो, आणि ॲसिडिटीची गोळी पोराच्या पाकिटात.

माझी मागणी साधी आहे. आठवड्यातले चार तास, शिफ्टच्या आत, पगारी, फक्त शिकण्यासाठी. ज्या मॅनेजरला एखाद्याकडून नवं तंत्र हवं आहे, त्याने ते तास कॅलेंडरवर स्वतः राखून द्यावेत. क्लास चालवणाऱ्यांनी रात्री नऊनंतरची बॅच बंद करावी आणि सकाळची किंवा शनिवार-रविवारची लावावी. आईवडिलांनी फोनवर ‘किती वाजेपर्यंत जागलास?’ हे विचारणं सोडून ‘किती तास झोपलास, काय जेवलास?’ हे विचारावं.

आणि मुलांनो, तुम्ही या सगळ्यांची वाट पाहत बसू नका. आज रात्री साडेदहाला लॅपटॉप बंद करा. जो प्रश्न सुटला नाही, तो वहीत लिहून ठेवा, फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि झोपा. महिनाभर असं करा, मग कोरा कागद घेऊन माझ्यासमोर मुलाखतीला बसा.